अण्णांचं पाणी

"खांब पाडायचा?" थोरल्यानं हातातली किल्ल्यांची जुडी टेबलावर आपटली. "उभा खांब पाडायचा? अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

बेबी जागची हलली नाही. चाळिशीला आलेली बाई, शिकून इंजिनिअर झालेली, साइटवर मुकादमापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे तिला मॅडम म्हणून वचकून असायचे. पण घरात आणि घराच्या या ऑफिसात ती अजून बेबीच होती. त्या हाकेची तिला मनापासून चीड होती, पण आज तिला तेवढ्यासाठी चिडायला सवड नव्हती.

"ठिकाणावर आहे म्हणूनच सांगतेय, दादा," ती म्हणाली. "शाळेच्या बांधकामात तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्याचा खांब कच्चा आहे. त्या काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे प्रयोगशाळेत दाबले, तर हव्या त्या ताकदीच्या निम्म्यावरच त्यांचा भुगा झाला. टेकू लावायचे, तो खांब तोडायचा आणि नवा भरायचा. दुसरा उपाय नाही."

"बाकीच्या खांबांचे ठोकळे पास झालेत ना?" खिडकीपाशी उभ्या धाकट्यानं विचारलं. "मग त्या एकाचं काय घेऊन बसलीस ताई? प्रयोगशाळेचीच चूक असेल."

"दोनदा करून घेतलं."

"मग तिसऱ्यांदा कर!" थोरला गरजला.

सुट्टीचा दिवस होता. खाली यार्डात चिटपाखरू नव्हतं. मागच्या बाजूला नवी गाळाची टाकी उन्हात चमकत होती. गाड्या धुतलेलं सिमेंटचं पाणी पूर्वी सरळ मागच्या नाल्यात सोडायचे आणि नाल्यापलीकडची माणसं सकाळ-संध्याकाळ यांच्या नावानं बोटं मोडायची. ते पाणी आता या टाकीत निवळायचं आणि पुन्हा गाड्या धुवायला यायचं. ही टाकी थोरल्यानं स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. साइटला धूळ अडवणारी हिरवी जाळी त्यानंच लावली, तोडफोडीचा राडारोडा वेगळा टाकायची शिस्त त्यानंच लावली. पर्यावरणाचं आणि गुणवत्तेचं, दोन्ही मानांकनं घ्यायची असं दीड वर्षापूर्वी घरात ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी तोच हो म्हणाला होता. म्हणून तर आज त्याला जास्त राग येत होता. इतकं सगळं केलं, उद्या सकाळी परीक्षक यायचा, आणि आज ही बाई खांब पाडा म्हणते.

धाकटा खुर्ची ओढून बसला. गोड बोलून काम काढणं हा त्याचा व्यवसाय होता आणि स्वभावही. शाळेच्या संस्थेला त्यानंच सांगून ठेवलं होतं की महिन्याभरात मानांकन हातात असेल, मग वसतिगृहाचं कामही आम्हालाच द्या.

"हे बघा," तो म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ दे. ते ठोकळे बाजूला ठेवू. परीक्षकाला बाकीचे दाखवू. तो गेला की काय तोडायचं ते तोडा."

"बरोबर बोलतोय तो," थोरला म्हणाला.

"काही बरोबर बोलत नाहीये!" आता बेबीचाही आवाज चढला. "मानांकन म्हणजे भिंतीवर टांगायची पाटी वाटते का तुम्हाला? चूक झाली तर ती झाली म्हणायचं, का झाली ते शोधायचं, आणि पुन्हा होणार नाही अशी सोय करायची. एवढंच तर आहे त्यात! आणि तेवढंच तुम्हाला नको. उद्या तो मला विचारेल, हा एकच खांब का बिघडला? काय सांगू मी?"

थोरला टेबलावरची किल्ल्यांची जुडी चाळवत राहिला.

"तुला माहीत आहे का बिघडला ते," बेबी थोरल्याकडे बघत म्हणाली. "मला माहीत आहे, याला माहीत आहे, मुकादमाला माहीत आहे. तोंड मात्र कुणी उघडत नाही."

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्याला खरोखरच माहीत होतं.

अण्णांनी, म्हणजे या तिघांच्या वडिलांनी, पहिलं घर बांधलं ते लोखंडी पत्र्यावर फावड्यानं माल कालवून. त्या काळी पाण्याचं माप नव्हतं. माप म्हणजे अण्णांचा डोळा. मालाकडे बघत ते थोडं थोडं पाणी ओतत आणि पुरे म्हणत, तेव्हा ते खरंच पुरे असे. त्यांचा हात शहरभर प्रसिद्ध होता. पुढे मशीन आली, मग कारखान्यातून मोजून मापून कालवलेल्या मालाच्या गाड्या आल्या, पण अण्णांचं पाणी काही सुटलं नाही. कुठल्याही मजल्याचं काँक्रीटचं भरणं सुरू होताना क्रेनची पहिली बकेट भरली की सगळे थांबायचे. अण्णा पुढे व्हायचे, स्वतःच्या हातानं तीत पाणी ओतायचे, "हं, आता उचला" म्हणायचे, आणि ती बकेट जायची ती नेहमी कोपऱ्याच्या खांबात. त्याशिवाय घरच्यांना काम सुरू झाल्यासारखं वाटत नसे. लोक टाळ्या वाजवत. आधी तांब्याभर असायचं, मग अर्धी बादली, आणि आता अण्णांची नजर अधू झाल्यापासून माल त्यांना कोरडाच दिसायचा, त्यामुळे भरल्या दोन बादल्या. एका बकेटीत दोन बादल्या पाणी म्हणजे त्या काँक्रीटचं वाटोळं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण सांगायचं कुणी?

"अण्णांचं नाव घ्यायचं नाही," थोरला दातओठ खात म्हणाला.

"मी घेतलं नाही. तूच घेतलंस."

"बेबी!"

"अरे, नाल्यातलं पाणी स्वच्छ व्हावं म्हणून तू महिनाभर उन्हात उभा राहिलास. काँक्रीटमधलं पाणी मोजायचं म्हटलं की का रे तुझी जीभ टाळ्याला चिकटते?"

"मग खालच्या मजल्यांना कसं काही झालं नाही?" धाकटा मध्ये पडला. "अण्णांनी तिथेही पाणी घातलं होतंच की. ते ठोकळे पास झाले."

बेबीनं कपाळाला हात लावला. "कारण ते ठोकळे गाडीतून काढलेले होते! गाडी आली की लगेच, अण्णांच्या आधी. या वेळी पहिल्यांदा मी नियम बदलला. माल जिथे पडतो तिथूनच नमुना घ्यायचा. म्हणून पहिल्यांदा खरं काय ते कळलं."

ठोकळे गाडीतून आधीच काढून घ्या, असं मुकादमाला थोरल्यानंच सांगितलं होतं. कारणही अगदी साधं होतं. अण्णा पाणी ओतत असताना मध्ये ठोकळ्यांचे साचे घेऊन कुणी लुडबुडलं की ते खवळत, शिव्या घालत. ते टाळायला म्हणून. यात काही वाईट असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर त्यानं ते फार वेळ मनात राहू दिलं नव्हतं.

"म्हणजे पहिला आणि दुसरा मजलासुद्धा..." धाकट्याचं वाक्य अर्धवट राहिलं.

"तोच कोपरा," बेबी म्हणाली. "एकावर एक. तळमजला तेवढा वेगळा, तेव्हा अण्णा दवाखान्यात होते. त्या कोपऱ्यात वर्ग भरणार आहेत, दादा. पोरं बसणार आहेत तिथे. मी उद्या परीक्षकासमोर खोटं बोलणार नाही. तुम्ही बोलणार असाल तर मला आजच सांगा, मी या धंद्यातून बाहेर पडते. आणि मग संस्थेला जाऊन मीच सांगते."

"जा!" थोरला ओरडला. "जा आणि सांग! बापानं रक्त आटवून उभा केलेला धंदा बुडव!"

ती गेली नाही, आणि तिनं जावं असं त्यालाही वाटत नव्हतं.

*

दुपारच्या जेवणाला सगळे एका टेबलाशी बसायचे, हा अण्णांचा दंडक होता. भांडण झालेलं असो, कुणाला भूक नसो, सुट्टीच्या दिवशी ताटावर बसायचंच. त्या घरात कुजबुज करण्याची सोय नव्हती. अण्णांना ऐकू येत नव्हतं आणि कानातलं यंत्र ते खिशात ठेवत, त्यामुळे भांडण असो की माया, सगळं ओरडूनच चालायचं. शेजाऱ्यांना या घरातली कुठलीही बातमी शिळी मिळत नसे.

"उद्या येतोय ना तो, तुमचा तपासनीस?" अण्णांनी विचारलं.

"परीक्षक!" धाकटा ओरडला.

"तेच ते. आता त्याला विचारून शिंकायचं. परवा मुकादम मला सांगतो, अण्णा, विडीचं थोटूक इथे टाकू नका, त्याचा डबा वेगळा आहे. मला! ज्या जमिनीवर मी पहिली कुदळ मारली तिथे!" अण्णांनी चमचा रोखला. "आमच्या वेळी कुठली मानांकनं होती? माझी एक इमारत पडलेली दाखवा. एक!"

"एकही नाही पडली, अण्णा," धाकटा लगेच म्हणाला.

"मग? हे सगळं आमच्या बाईसाहेबांचं खूळ." त्यांनी बेबीकडे पाहिलं. त्या पाहण्यात कौतुकही होतं, पण ते तिच्यापर्यंत कधी पोहोचलं नव्हतं. "आणि तुमचं ते मानांकन तळमजल्याला लावा आधी. त्याला माझं पाणी नाही. माझं पोट फाडून मला दवाखान्यात निजवलं होतं आणि तुम्ही परस्पर भरणं उरकलंत. त्या मजल्याची मला आजही खात्री नाही."

हे गाऱ्हाणं घरानं शंभरदा ऐकलं होतं. ऑपरेशनची जखम भरून आली, पण ही नाही. थोरल्यानं मान खाली घातली आणि घास चावत राहिला.

"अण्णा," बेबी म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरचा खांब..."

"खांब एकदम उत्तम झालेत!" धाकट्यानं तिचं बोलणं वरच्यावर उडवलं. "संस्थेचे लोक खूश आहेत."

"मला बोलू दे."

"जेवताना कामाचं नको, ताई."

"दादा, याला सांग गप्प बसायला."

थोरल्यानं पाण्याचा पेला उचलला, प्यायला, खाली ठेवला. बेबीच्या डोळ्यांत चीड आणि पाणी एकदमच आलं, आणि ते त्याला दिसलं. लहानपणी झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही ती रडली नव्हती. आपण इतके भित्रे कधीपासून झालो, असं त्याला वाटून गेलं. मग त्याचाही राग येऊन त्यानं तो बेबीवरच ढकलला.

तेवढ्यात आईनं हातातलं भांडं टेबलावर आदळलं.

आई क्वचित बोलायची. वीस माणसांच्या गोतावळ्यात तिनं आयुष्य काढलं होतं आणि कुणाची बाजू कधी घेतली नव्हती. त्यामुळे प्रत्येकाला ती आपल्याच बाजूची वाटायची.

"यंत्र घाला कानात," ती अण्णांना म्हणाली.

"कशाला?"

"घाला म्हणते ना!"

अण्णांनी यंत्र घातलं. इतकं मुकाट्यानं घातलं की धाकट्याचा घास हातातच राहिला.

"तुमच्या पाण्यानं खांब नासलाय," आई म्हणाली. "पोरगी मघापासून तेच सांगतेय आणि हे दोघे तिचं तोंड दाबतायत."

"आई!" थोरला उठलाच.

"बस खाली. तुम्ही तिघं यांना भिता. मी कधी भ्याले नाही, नुसतीच गप्प बसले, आणि तेही काही चांगलं केलं नाही." ती पुन्हा अण्णांकडे वळली. "पहिल्या घराचं पाणी मी वाहिलंय तुमच्यासाठी, डोक्यावरून. तेव्हा तुम्ही बघून ओतायचात. आता ओतून बघता. आणि बघता तरी काय? समोरचं माणूस ओळखू येत नाही तुम्हाला!"

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. थोरल्याला वाटलं, आता ताट उडणार. ताट उडालं नाही. अण्णांचा आवाज मात्र एकदम खाली आला, आणि तो जास्त भीतीदायक होता.

"माझ्या पाण्यानं?"

"प्रयोगशाळेत तपासलंय, अण्णा," बेबी म्हणाली. "बकेटीत वरून पाणी घातलं की सिमेंटची पकड..."

"तू मला शिकवतेस? सिमेंटची पकड? माझी अर्धी हयात गेली सिमेंटात! हा हात," त्यांनी उजवा पंजा तिच्या डोळ्यांसमोर धरला, "या हातानं तुला शिकवलं, कॉलेजात घातलं. त्याला नासका म्हणतेस?"

"हाताला नाही म्हणत हो! पाण्याला म्हणतेय!"

"थोरल्या," अण्णांनी मान न वळवता हाक मारली. "तुझं काय म्हणणं?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ही वेळ येणार हे त्याला सकाळपासून कळत होतं.

"तपासून बघायला हवं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

"तपासून बघू, अण्णा!"

"बघू ना!" अण्णा ताटावरून उठले. "आत्ताच बघू. प्रयोगशाळा गेली खड्ड्यात. हातोडा घे तुझा."

*

शाळेच्या इमारतीत सुट्टीमुळे सामसूम होती. हिरव्या जाळीतून येणाऱ्या उजेडात सगळ्यांची तोंडं आजारी दिसत होती. अण्णा काठी टेकत टेकत तिसऱ्या मजल्यावर चढले. धाकट्यानं हात पुढे केला तर त्याच्यावरच काठी उगारली. आईला खालीच थांब म्हटलं होतं, पण तीही गुडघे धरत चढून आली.

हातोडा थोरल्याचाच होता, पण दिला होता अण्णांनी, तो साइटवर पहिल्यांदा आला त्या वर्षी. छोटासा, एका पौंडाचा. खांब ठोकायचा आणि ऐकायचं. पक्का खांब खणकन वाजतो, कच्चा बद्द. अण्णांनी त्याला डोळे मिटून खांब ओळखायला शिकवलं होतं, आणि दोघांची पैज लागायची. या कामात आपण बापाच्या तोडीचे आहोत, याचा थोरल्याला जितका अभिमान होता तितका दुसऱ्या कशाचा नव्हता.

अण्णांनी हातोडा स्वतः घेतला. आधी मधल्या खांबावर मारला, मग कोपऱ्याच्या. मान तिरकी करून ऐकलं. पुन्हा मारला. कपाळाला आठी पडली. कानातलं यंत्र त्यांनी बोटानं आत दाबलं, मग काढून हातात घेतलं, पुन्हा घातलं. थोरल्याला कळलं की त्यांना दोन्ही आवाज सारखेच येतायत. त्यांना फरकच कळत नाहीये.

हे सगळ्यांना कळलं. बेबीनं तोंड फिरवलं.

"मार तू," अण्णांनी हातोडा त्याच्या हाती दिला. "आणि सांग मला. खरं सांग."

थोरल्यानं मधल्या खांबावर मारला. खणकन. कोपऱ्याच्या खांबावर मारला. त्याला दुसऱ्यांदा मारावं लागलं नाही, पण त्यानं मारला, वर मारला, खाली मारला, कुठेतरी नशीब उघडेल म्हणून.

"बद्द, अण्णा," तो म्हणाला. मग त्याला आठवलं आणि तो ओरडला, "बद्द वाजतोय!"

"बहिणीला सामील झालास?"

"मी कुणाला सामील नाही! तुम्ही शिकवलंत तसंच ऐकतोय!"

"मग खालचे बघ. माझ्या पाण्यानं नासलं म्हणता ना, खालीही माझंच पाणी आहे. ते कसे उभे आहेत बघ!" अण्णा सिमेंटच्या पोत्यांवर बसले. "मी इथे बसतो. तू खालून ओरड. आणि लबाडी केलीस तर आवाजावरून कळेल मला. तेवढं अजून कळतं."

थोरला उतरला. मागून बेबी आणि धाकटा. दुसऱ्या मजल्यावर त्यानं कोपऱ्याचा खांब ठोकला आणि जिन्याच्या पोकळीत तोंड करून ओरडला, "बद्द!"

वरून काठी आपटल्याचा आवाज आला.

पहिल्या मजल्यावर तो ओरडला, "हाही बद्द!" त्याचा घसा बसायला लागला होता. कुणावर ओरडतोय हेच त्याला कळेना. बेबीवर, अण्णांवर, की टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या मंडळींवर, ज्यांच्यात तो नेहमी पुढे असायचा.

तळमजल्यावर त्यानं हातोडा उचलला तेव्हा धाकट्यानं त्याचं मनगट धरलं.

"दादा, ऐक. एक मिनिट ऐक." तो भराभर बोलत होता, हळू आवाजात. "इथे अण्णांचं पाणी नव्हतं. हा खांबही बद्द म्हण. चारही मजले बद्द निघाले तर दोष पाण्याचा नाही, मालाचा. खापर माल पुरवणाऱ्यावर फुटेल. खांब दुरुस्त करू, सगळे करू, ताई म्हणेल तसे करू. पण अण्णा सुटतात. परीक्षकाला कारण मिळतं, अण्णांची अब्रू राहते. एक शब्द तर आहे!"

थोरल्यानं बेबीकडे पाहिलं. ती विरोध करील असं त्याला वाटलं होतं. पण ती भिंतीला टेकून उभी होती, सकाळपासून भांडून थकलेली, आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क मोह दिसत होता.

"मी काही ऐकलं नाही," ती जेमतेम म्हणाली.

"आणि पुढच्या भरण्याला?" थोरल्यानं विचारलं. "वसतिगृहाच्या? तिथे अण्णा बादल्या घेऊन उभे राहतील तेव्हा काय करायचं?"

धाकट्यानं मनगट सोडलं नाही. थोरल्यानं ते हिसका देऊन सोडवलं आणि हातोडा मारला.

खणकन!

इतका लख्ख वाजला की रिकाम्या इमारतीत तो आवाज घुमला. या एका खांबाबद्दल अण्णांनी वर्षभर घर डोक्यावर घेतलं होतं. या एका खांबाची त्यांना खात्री नव्हती.

"काय झालं रे?" वरून हाक आली. "मेलास का? बोल की!"

थोरल्यानं जिन्यात तोंड घातलं. त्यानं खाकरून घसा मोकळा केला, आणि मग बापाला ऐकू जावं म्हणून अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला.

"पक्का आहे, अण्णा! तळमजला पक्का आहे!"

वर काठीचा आवाज सुरू झाला. पायरीवर एकदा काठी, मग पाय, मग दुसरा पाय. मध्येच आईचा आवाज आला, "धरू का?" पण काठी थांबली नाही.

अण्णा तळमजल्यावर आले. कुणाकडे न बघता कोपऱ्याच्या खांबापाशी गेले आणि त्यावर उजवा पंजा ठेवून उभे राहिले.

"याला माझं पाणी नाही," ते म्हणाले. वर्षभर हे वाक्य त्यांनी तक्रारीनं म्हटलं होतं.

"अण्णा, एवढं काही..." धाकटा पुढे झाला.

"तू बोलू नकोस. तू कायम मला आवडेल तेच बोलतोस." ते बेबीकडे वळले. "उद्या तो आला की मला हाक मार. का बिघडलं ते मी सांगेन, माझ्या तोंडानं. तू माझं नाव घ्यायचं नाहीस, मी घेईन. त्या तीन खांबांचं काय करायचं ते तू ठरव. आणि भरण्याच्या दिवशी मी फाटकाच्या आत दिसलो तर मला बाहेर काढ. काढशील ना? मी शिव्या घालीन."

"काढीन," बेबी म्हणाली. ती रडत होती.

"तूही आधी बोलली नाहीस."

"मला कळलं तेव्हा बोलले, अण्णा."

"हं." त्यांनी मान हलवली. तेवढं त्यांना पटलं असावं. मग ते थोरल्याकडे आले, अगदी जवळ, चेहरा दिसेपर्यंत जवळ. त्यांचा ओठ थरथरत होता, आणि तो रागानंच थरथरत होता. थोरल्यानं हातोडा पुढे केला. अण्णांनी तो घेतला नाही.

"इतकी वर्षं माझ्या शेजारी उभा राहायचास," ते म्हणाले. "भरण्याच्या दुसऱ्या दिवशी खांबाचा साचा काढला की हातोडा घेऊन सगळ्यात आधी खांबापाशी तू जायचास. माझे कान गेले होते, थोरल्या. तुझे तर शाबूत होते."